तरसानं नेली

कोळशीला तरसानंच नेलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वाडीत हे वाक्य कुणी उच्चारलं की ऐकणारा पहिल्यांदा हसतो, आणि त्या हसण्याचा मला आता वीट आला आहे. कुणाचा पाना हरवला, तरसानं नेला. विहिरीवरची दोरी गेली, तरसानं नेली. मी अंगणवाडीत काम करते. तिथं खिचडीचं पातेलं वेळेवर सापडलं नाही तर पोरांच्या आया दारातूनच विचारतात, "मॅडम, तरस आलं व्हतं का?" आजवर तरसानं नेलेल्या वस्तू एकत्र केल्या तर त्याचा चांगला संसार उभा राहील.

ही थट्टा मुळात शेळ्यांवरून सुरू झाली. आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात. शेळी एकाची, राखणारा दुसरा, आणि जी पिल्लं होतील ती निम्मी निम्मी. शेळी मेली तर राखणाऱ्यानं तिचा कान कापून मालकाला आणून दाखवायचा. म्हणजे ती विकली नाही, खरंच मेली, एवढं कळतं. साप चावला, पोट फुगलं, लांडग्यानं धरलं, काही झालं तरी कान उरतो. लांडगा डोकं आणि खुरं टाकून जातो. तरस मात्र काही म्हणजे काही ठेवत नाही. हाडं फोडतं, खुरं चावतं, कातडं ओढून नेतं. त्यामुळं ज्यानं शेळी बाजारात विकून खाल्ली तो हात हलवत यायचा आणि मालकाला सांगायचा, तरसानं नेली, कान कुठून आणू? असं सांगणारे इतके झाले की तरसावरचा विश्वासच उडाला. माझे सासरे म्हणतात, त्यांच्या लहानपणापासून हे असंच चालू आहे.

हरणामावशींनी हे वाक्य कधीच म्हटलं नव्हतं. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि अभिमान बाळगण्यासारखं त्यांच्याजवळ दुसरं फारसं काही नव्हतं.

हरणाबाई आणि माझ्या सासूबाई, धुरपदाबाई, दोघी जळकोटच्या लेकी. एक धनगराची, एक पाटलाच्या भावकीतली. माहेरी एकमेकींच्या दारातही फारशा गेल्या नसतील, पण दोघी लग्न होऊन याच वाडीत आल्या आणि परक्या गावात माहेरचं माणूस म्हणून एकमेकींना धरून राहिल्या. म्हणून अजून दोघींत अगं-तुगं चालतं. आमच्या घरात त्यांना सगळे मावशी म्हणतात.

मावशींचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या नवऱ्याकडं, गोरोबांकडं, मेंढरांचा मोठा कळप होता. पावसाळा सरला की नवरा-बायको मेंढरं घेऊन निघायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतायची. बालाजी त्यांचा एकुलता एक मुलगा, तोही असाच कुणाच्या तरी रानात झाला. मग माळ कमी होत गेला. कुठं पवनचक्क्या आल्या, कुठं तारेचं कुंपण, कुठं खडी केंद्र. गोरोबांनी मेंढरं विकली आणि दोन-तीन वर्षांत दम्यानं तेही गेले. बालाजी आता सोलापूरला कंपनीत आहे. दर दिवाळीला आईला न्यायला येतो आणि दर दिवाळीला एकटाच परत जातो. "तितं फरशीवर पाय घसरतात माझं," एवढंच कारण त्या देतात.

मेंढरं गेल्यावर सासूबाईंनी त्यांना पहिली शेळी अर्धलीनं दिली. पुढं आणखी दोघा-तिघांनी दिल्या. मावशींचा हात शेळीला चांगला होता. त्यांच्याकडची शेळी जुळी द्यायची, आणि वाटणीच्या वेळी मावशी मागं सरून उभ्या राहायच्या. "तू आदी उचल," म्हणायच्या. एवढ्या वर्षांत आमच्या पाच-सहा शेळ्या त्यांच्याकडं मेल्या. प्रत्येक वेळी त्या कान घेऊन आल्या. सासूबाई म्हणायच्या, "कशाला आनतीस गं, म्या मागितलाय का?" तरी त्या आणायच्या. ओट्यावर बसायच्या, पदराची गाठ सोडायच्या आणि कान समोर ठेवायच्या. सासूबाई तो गोठ्याच्या कडेला पुरायच्या, मग दोघी चहा प्यायच्या. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्यांदा हा प्रकार बघितला आणि मला शिसारी आली होती. नंतर सवय झाली.

पण गेल्या काही वर्षांत मावशी थकल्या होत्या. गुडघे सुजायचे. आकडीनं बाभळीची फांदी ओढायची म्हटलं तरी दोनदा थांबायच्या. सकाळी भाकरी फडक्यात बांधून निघताना त्यांच्या चालण्यात असं काही दिसायचं की वाटायचं, आज नका जाऊ म्हणावं. मी एकदा म्हणालेही. त्या म्हणाल्या, "शेळ्याला सांग. त्याला सुट्टी कळत न्हाय."

कोळशी आमची. डोक्यापासून शेपटीपर्यंत काळीकुट्ट, कुठं एक पांढरा केस नाही. आई व्यायली आणि मेली, तेव्हा सासूबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्यामुळं ती शेळी कमी आणि घरातली लाडावलेली नात जास्त होती. मोठी झाल्यावर मावशींच्या कळपात गेली, तरी संध्याकाळी आमच्या दारावरून जाताना ओट्यावर चढून सासूबाईंच्या हातातली भाकरी ओढल्याशिवाय पुढं सरकायची नाही.

हे घडलं थंडीत. शेजारच्या अणदूरच्या खंडोबाची मूर्ती थंडीत दोनेक महिने नळदुर्गाला नेतात, ती तेव्हा गेली होती आणि अणदूरला शांतता होती. कोळशी गाभण, अगदी दिवसांत आलेली. मावशी तिला घरीच ठेवणार होत्या, पण ती दावं तोडून कळपामागं आली. दिवसभर चरली. परत येताना जुन्या दगडखाणीच्या अंगानं उतार आहे, तो उतरला की समोर मोठा रस्ता, हैदराबादचा. दिवस मावळत होता. कळप पुढं, मावशी मधे आणि कोळशी पोट सांभाळत सगळ्यांच्या मागं.

मावशींनी वळून बघितलं तर कोळशीच्या मागं कुत्रं चालत होतं. मोठं कुत्रं, एवढंच त्यांना वाटलं. मग त्याच्या पाठीवरचे केस उभे दिसले, अंगावरचे पट्टे दिसले. पुढून उंच, मागून बसकं.

"पळत नव्हतं गं," त्या मला नंतर म्हणाल्या. "लांडगा कसा, कळपात शिरतो, दानादान करतो. ह्ये आपलं निस्तं चालत व्हतं. ती थांबली की थांबायचं. ती चालली की चालायचं. आमच्याच कळपातलं आसल्यावानी."

त्यांनी आरडाओरडा केला, दगड मारला. ते थांबलं. त्या दोन पावलं मागं गेल्या तर ते तितकंच मागं सरलं. पळालं मात्र नाही. तेवढ्यात पुढून ट्रकचा भोंगा वाजला. कळप रस्त्याच्या तोंडाशी पोचला होता. आमच्या, दुसऱ्यांच्या, त्यांच्या स्वतःच्या सगळ्या शेळ्या आता ट्रकांच्या पुढ्यात जाणार. मागं एक गाभण शेळी आणि पुढं सगळा कळप. मावशी कळपाकडं धावल्या. धावल्या म्हणजे त्यांच्या गुडघ्यांनी जेवढं होऊ दिलं तेवढं. मागं एकदाच आवाज आला, तोही आखूड. शेळ्या वळवून त्यांनी बघितलं तेव्हा ते कोळशीला कुशीला धरून खाणीकडं ओढत नेत होतं.

तरस हसतं, माणसासारखं हसतं आणि त्या हसण्यानं माणसाला भूल पडते, असं आमच्याकडं सांगतात. मसणवट्यातली मढी उकरतं, त्याच्या पाठीवर हडळ बसते, असंही सांगतात. मी मावशींना विचारलं, हसलं का हो ते?

"न्हाय. त्वांडातून आवाज न्हाय काडला. म्हातारं आसंल. त्याला बी पळवत न्हवतं, मला बी पळवत न्हवतं. आमा दोघात ती गाभन घावली."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या खाणीत गेल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या. कळप शेजारणीच्या हवाली करून एकट्याच काठी टेकत कपारी धुंडाळत होत्या. एका ठिकाणी वाळलेलं रक्त आणि पोटातल्या चाऱ्याचा लगदा सापडला. चुन्यासारखी पांढरी विष्ठा सापडली. कान नाही, खूर नाही, शिंगाचा तुकडाही नाही. पूर्वी बैल मेला की लोक तो माळावर ओढून टाकत आणि तरसांचं त्यावर भागत असे. आता बैलच राहिले नाहीत, आणि जे ढोर मरतं ते जेसीबीनं खड्डा काढून पुरतात. त्यामुळं जे दिसेल ते जिवंत धरायचं आणि कणसुद्धा सोडायचा नाही, असं झालं असावं. हा हिशेब मी नंतर बसून लावला. मावशींना तेव्हा फक्त कान हवा होता.

आम्हाला अजून काही माहीत नव्हतं. सासूबाई दोन दिवस विचारत होत्या, कोळशी दिसली नाही, व्यायली की काय? मावशींनी शेजारणीकडून निरोप धाडला, घरी बांधली आहे. आयुष्यातलं पहिलं खोटं बहुतेक तेच असावं, आणि ते फक्त वेळ काढायला होतं.

त्यांच्या जागी मी असते तर सरळ आले असते आणि सांगितलं असतं. पण मी ज्या घरात आहे तिथं माझ्या शब्दावर कुणी शेळी सोपवलेली नाही. मावशींचं सगळं त्या शब्दावर उभं होतं. तरसानं नेली म्हणाल्या असत्या तर वाडी हसली असती. आजवर ज्यांनी ज्यांनी शेळ्या विकून खाल्ल्या त्यांच्या रांगेत हरणाबाई जाऊन बसली असती. म्हणजे खरं सांगितलं तर खोटं ठरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी काय केलं, तर अणदूरच्या बाजारात गेल्या आणि मटणवाल्याकडून काळ्या शेळीचा एक कान मागून आणला. त्यानं विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, लेकराची दृष्ट काढायला. त्यानं फुकट दिला.

त्याच दुपारी त्या आमच्या ओट्यावर आल्या. बसल्या. पदराची गाठ सोडली आणि कान ठेवला.

"लांडग्यानं धरली," म्हणाल्या. "खानीपाशी. एवढंच उरलं बग."

सासूबाई मोठ्यानं रडल्या. नवरा गेलेल्या बाईसारखं रडतात कधी कधी शेळीसाठी, तसं. कान उचलून पदरात घेतला, त्यावरून हात फिरवला, तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत बसल्या. मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. मी चहा आणला तर म्हणाल्या, नको. मला वाटलं, दमल्या आहेत. त्या दमलेल्याच दिसायच्या नेहमी, त्यामुळं वेगळं काही लक्षात आलं नाही. कान गोठ्याच्या कडेला पुरला गेला.

तिथंच संपलं असतं. पण पुढच्या रविवारी माझा नवरा, अमरसिंह, मटण आणायला अणदूरला गेला, आणि मटणवाल्यानं सहज विचारलं, तुमच्या वाडीतली धनगराची म्हातारी कान घेऊन गेली, लेकराची दृष्ट निघाली का? अमरसिंह घरी आला, पिशवी ठेवली आणि आईला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, दुसरी कुणी म्हातारी असेल. त्या दिवशीचं मटण कुणाला नीट गेलं नाही.

आता बघा, लोकांचं डोकं कसं चालतं. कान मटणवाल्याकडचा, मग शेळीही मटणवाल्याकडं गेली. हरणाबाईनं कोळशी विकली, पोटातल्या पिल्लांसकट विकली, आणि तिचाच कान तिच्या मालकिणीला आणून दिला. दोन दिवसांत वाडीभर हेच. मटणवाला शपथेवर सांगत होता की म्हातारीनं काही विकलं नाही, नुसता कान मागितला. पण घेतलेल्या मालाबद्दल खाटीक कबूल कसा होईल, असं म्हणून लोकांनी तेही उडवून लावलं. एकदा ठरलं की ठरलं.

सासऱ्यांनी, बलभीमअण्णांनी, त्यांना बोलावलं. भांडायला नाही, विचारायला. पण ओट्यावर विचारायचं म्हणजे गाव जमणारच. आमच्या शेजारी किराणा दुकान असलेला ईरण्णा गिऱ्हाईक सोडून आला. अर्धलीनं शेळ्या दिलेले बाकीचे आले. मावशी आल्या त्या उभ्याच राहिल्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मी पाट आणला तोवर बोलणं सुरू झालं होतं.

"हरणाबाई, कान मटनवाल्याचा हाय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"व्हय."

"मंग शेळी कुटं हाय?"

मावशींनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि शेवटी सासूबाईंकडं. नजर तिथंच ठेवून म्हणाल्या, "तरसानं नेली."

हसू फुटलं. मी खोटं का सांगू, कुणी मुद्दाम हसलं नाही. लहानपणापासून ते शब्द ऐकले की तोंड आपोआप हसतं, तसं झालं. ईरण्णा मांडीवर थाप मारून हसला. सासरे मिशीत हसले. आणि सासूबाईही हसल्या. क्षणभरच, लगेच पदर तोंडावर घेतला. पण मावशी त्यांच्याकडंच बघत होत्या.

"भंडारा उचलतीस का?" कुणीतरी म्हणालं. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलण्याची आमच्याकडं कुणाची छाती होत नाही.

"उचलते की," मावशी म्हणाल्या. "शेळी तरसानं नेली, ह्याच्यावर उचलते. पन मंग कान खोटा आनला, ह्ये बी देवाला सांगावं लागंल. देव दोनी ऐकंल. तुमी एकच ऐकनार."

"ऱ्हाऊ द्या. देवाला मधी आनू नगा," सासूबाई पदराआडून म्हणाल्या.

"धुरपदे, तू हसलीस," मावशी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मग वळून काठी टेकत निघून गेल्या. मी पाट घेऊन तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ज्याच्या त्याच्या शेळ्या ज्याच्या त्याच्या दारात आणून बांधल्या. आमच्या दोन होत्या. त्यांच्या वाटणीला आलेली दोन पिल्लंही सोडून गेल्या, एका शब्दानं काही मागितलं नाही. घरी त्यांच्या स्वतःच्या चार-पाच शेळ्या राहिल्या. त्या घेऊन त्या आमच्या दारावरून न जाता मागल्या ओढ्यानं माळावर जाऊ लागल्या. तो रस्ता लांबचा आहे आणि चढाचा आहे. मी अंगणवाडी उघडायला जाताना लांबून दिसायच्या, वाकलेल्या, काठीवर भार टाकून.

मी एकदा तिथं गाठलं आणि बळजबरीनं बाजूला बसले. तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं, खाणीपासून बाजारापर्यंत. मी म्हणाले, मावशी, माझा विश्वास आहे. त्या माझ्याकडं बघून बरं वाटल्यासारखं हसल्या आणि म्हणाल्या, "तुजा आसून काय करू माय? तुजी शेळी कुटं व्हती?"

मला राग आला. त्यांचा नाही, आमच्या घराचा. घरी येऊन मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, एवढ्या वर्षांत त्यांनी एक पिल्लू इकडचं तिकडं केलं नाही. तुमचा विश्वास कसा नाही?" त्या वाटण वाटत होत्या. थांबल्या. म्हणाल्या, "कान आनला नसता तर ठिवला असता इश्वास. रिकाम्या हातानं आली असती तर म्या कवाच इचारलं नसतं." मग म्हणाल्या, "काय की. हसले बी असते." पुढं वाटायला लागल्या. त्याही थकल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. दुपारी बोलायला माणूस नाही, रात्री झोप नाही. कोळशीसाठी होतं की मावशींसाठी, मी विचारलं नाही.

उन्हाळा आला. एका सकाळी अमरसिंहच्या मोबाईलवर फोटो आला. जळकोटच्या पुढं, मोठ्या रस्त्यावर, रात्री कुठल्यातरी गाडीनं तरस उडवलं होतं. वाडीतले लोक मोटरसायकली काढून बघायला गेले. मला त्याच बाजूला मीटिंग होती, मीही जीपमधून उतरले. रस्त्याच्या कडेला पडलं होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक. पट्टे धुळीनं पुसट झालेले, मानेवरचे केस चिकटलेले, तोंड उघडं. मागचे पाय इतके बारके की यानं शेळी ओढून नेली यावर विश्वास बसू नये. वनखात्याचा माणूस काठीनं ओठ वर करून दाखवत होता. पुढचे सुळे झिजून सपाट झाले होते. जिवंत कोंबडी धरली असती तरी त्याला जड गेलं असतं, पण मागच्या दाढांनी हाडं मात्र अजून फोडत असावं. लोक फोटो काढत होते. मला तिथं थांबवेना.

दुपारपर्यंत वाडीचा सूर फिरला होता. ईरण्णा दुकानात बसून सांगत होता, "म्या तवाच म्हनलं व्हतं, म्हातारी खोटं बोलायची न्हाय." ज्यांनी शेळ्या परत बांधून घेतल्या होत्या ते एकमेकांना विचारत होते, आता पुन्हा देईल का राखायला? तेच तरस, तीच खाण, असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. पण आधी तरी कुणी काय सिद्ध केलं होतं?

सासूबाईंनी फोटो बराच वेळ बघितला. मोबाईल लांब धरून, मग जवळ धरून. मग उठल्या. लुगडं बदललं, आमच्या दोन्ही शेळ्या सोडल्या, दोऱ्या हातात घेतल्या आणि मला म्हणाल्या, "चल." इतक्या वर्षांत त्या स्वतः शेळ्या घेऊन कुणाच्या दारात गेल्या नव्हत्या. घेणारा येऊन घेऊन जातो, अशी रीत आहे.

मावशी घरासमोरच्या लिंबाखाली बसून तूर निवडत होत्या. आम्हाला बघून सूप बाजूला ठेवलं आणि पोतं अंथरलं. सासूबाई बसल्या. शेळ्या मावशींना ओळखत होत्या, एक जाऊन त्यांच्या सुपात तोंड घालायला लागली. त्यांनी तिला हटकलं नाही.

"हरणे, जळकोटला तरस घावलं. कळलं का?"

"बालाजीनं फोटू धाडलाय."

"खरी व्हतीस तू," सासूबाई म्हणाल्या. "म्या हसले. हसायला नगं व्हतं. माजं त्वांड कसं काय हसलं, मलाच कळंना. तवापासनं जेवान ग्वाड लागंना मला."

मावशी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "कशाचं तरस? लांडगा व्हता की."

"हरणे."

"लांडग्यानं धरली. कान तेवढा उरला. आनून दिला न्हाय का तुला? पदरात घेतलास की तू."

त्या रागानं बोलत नव्हत्या. राग असता तर मला बरं वाटलं असतं, रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. त्या बाजारभाव सांगावा तसं सांगत होत्या.

"येकदा म्हन," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले होते. मी त्यांना देवासमोरही असे हात जोडताना बघितलं नव्हतं. "येकदा माज्यासमूर म्हन, तरसानं नेली. ऐकायला आले म्या."

"न्हाय," मावशी म्हणाल्या. "लांडगाच व्हता. तुजी सून साक्षीला हाय, इचार."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी ओट्यापाशी मीच होते, आणि मावशी लांडगा म्हणाल्या ते मी ऐकलं होतं.

मग मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आत जाऊन चहा ठेवला. तिघींनी प्याला. जळकोटची कुणी बाई वारली, तिच्या लेकीचं काय झालं, असं काहीबाही बोलणं झालं. निघताना सासूबाई दोऱ्या तिथंच सोडून चालू लागल्या, तर मावशींनी हाक मारली, "धुरपदे, तुजी जनावरं ऱ्हायली." आणि दोन्ही दोऱ्या आणून माझ्या हातात दिल्या.

आता आमच्या शेळ्या सासूबाई स्वतःच राखतात.